कोंड्याच्या राखेतली टिकली

मी चौथी शिकलो. चुका होतील, पण हे दुसऱ्याच्या हातून लिहून घेणार नाही.

बाप लोहार, मीही लोहार. गावातला भाता बंद पडल्यावर चंद्रपूरच्या एका कॉलेजात भट्टी सांभाळायला लागलो. तिथं सिरोंच्याकडची एक बाई संशोधन करत होती. धातूंची पूड दळायची, दाबून टिकली करायची, काचेच्या नळीत बंद करून भट्टीत भाजायची. अशा टिकलीची एक बाजू गरम अन् दुसरी थंड ठेवली की तारेतून वीज येते. आईच्या चुलीच्या आचेवर एक दिवा लावायचा, एवढंच तिच्या मनात होतं. तिच्या गावात लाईट गेली की चार-चार दिवस येत नसे.

भाजल्यावर नळी लगेच पाण्यात टाकायची, असं तिच्या वहीत होतं. टिकल्या निघत, वीज मात्र नावापुरती. मी म्हटलं, झटक्यानं पाणी दिलं की टिकली आतून तडकते, राखेत हळूहळू थंड होऊ द्या. विद्यार्थी हसले. ती म्हणाली, "भाऊ, हा विळा नाई. तुमी सांगितलं तेवढं करा."

उभा जन्म तापल्या विळ्यांना पाणी दिलेला माणूस मी. ते लागलं.

पाण्यात टाकायचं काम माझंच होतं. ती वर्गावर गेली की मी नळी घरून आणलेल्या धानाच्या कोंड्याच्या राखेत पुरू लागलो. डबा भट्टीमागं. थंड झाली की पाण्यात बुडवून टेबलावर ठेवायची, ओली दिसली म्हणजे झालं.

वीज वाढली. मीटरचा काटा पाहून ती रडली. पेढे वाटले, मलेही एक दिला. मी वाट पाहत होतो की ती ओळखेल अन् भाऊ, तुमचं खरं होतं, असं म्हणेल. तिनं वहीत 'पाण्यात थंड केली' असं लिहिलं. तेच छापून आलं.

मग दुसऱ्या गावच्या कॉलेजवाल्यांनी छापल्याप्रमाणे करून पाहिलं. एकाचीही टिकली चालली नाही. आकडे खोटे आहेत म्हणत साहेब लोक चौकशीला आले. त्यांच्यासमोर तिनं मले विचारलं, "भाऊ, तुमी काही वेगळं करत होते का?"

चोराला विचारावं तसं वाटलं मले. "तुमी सांगितलं तेच केलं, बाई," म्हणालो. मनात होतं, एकटी येऊन विचारेल, मग सांगू.

ती आली नाही. साहेबांसमोर तिनं स्वतःच्या हातानं नळी पाण्यात टाकली. काटा नावालाच हलला. महिन्याभरात ती कॉलेज सोडून गेली.

यंदा मी पत्ता काढून सिरोंच्याला गेलो. ती पोरांच्या शिकवण्या घेते. ओट्यावर बसून मी सगळं सांगितलं. वाटलं होतं, भांडेल. तिनं कोणा पोराची वही ओढली. राख कशाची, किती खोल, किती वेळ, एकेक विचारत गेली.

"हात लावता येईल तोवर," मी म्हटलं.

तेही लिहिलं. मग लिहिलेलं पान सावकाश फाडून माझ्या हातात दिलं.

"भट्टी नाई, नाव नाई. मी हे आता कोणाले दाखवू, भाऊ?"

पान माझ्या उशाखाली आहे. तिचं अक्षर मले नीट वाचता येत नाही.