आढीतले सप्ताळू

पहिल्या खेपेला मला डोहाळे लागले ते सप्ताळूंचे, म्हणजे पीचचे. चिंचा-आवळे असलं शहाण्यासारखं काही मागितलं असतं, तर गिरगावात कुणी नाक मुरडलं नसतं. पण माझं माहेर माझगावचं. तिथे शेजारच्या ख्रिस्ती बाईंनी लहानपणी एकदा सप्ताळू खाऊ घातला होता, तो नेमका आता जिभेला आठवला. पोटात पेजही ठरत नव्हती. जीव नुसता त्या फळात अडकला होता.

"अगं बाई, मागून मागितलंस काय, तर साहेबाचं फळ!" सासूबाई म्हणाल्या. पण डोहाळा पुरवला नाही तर मुलाचे कान फुटतात. म्हणून ह्यांनी ऑफिसातल्या साहेबाकडे भीत भीत शब्द टाकला आणि काय आश्चर्य, थेट कुलूहून आलेल्या मालातली एक करंडी घरी आली. लालसर, लवदार, बोट लावलं तरी दबतील असे सप्ताळू. मी हात पुढे केला.

"थांब सूनबाई!" मामंजी कडाडले. मामंजी मूळचे रत्नागिरीचे, पेन्शनर हेडक्लार्क, आणि आंब्याच्या आढीतले अख्ख्या चाळीचे सर्वोच्च न्यायालय. त्यांनी एक फळ देठाशी हुंगलं आणि निकाल दिला, "आढी घालायला हवी."

मग आम्हाला उभं करून व्याख्यान झालं. हे फळ मूळचं चीनचं, तिथून इराणात गेलं, इराणातून आपल्याकडे आलं. व्हिटॅमिन भरपूर, कोठा साफ, गरोदर बाईला तर अमृतच. एवढे गुण ऐकूनच माझं पोट भरेल, अशी त्यांची समजूत असावी. चीनपासून गिरगावापर्यंत आलेलं फळ आता माझ्यापासून हातभर अंतरावर, पलंगाखाली, आंब्यांच्या उरलेल्या पेंढ्यात थरांवर थर रचून गाडलं गेलं. वर गोणपाट, त्यावर जुनी सतरंजी. आमच्या घरचा नियम असा की आढी घालणाऱ्यानेच उघडायची.

आणि दुसऱ्याच दिवशी मामंजी संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहाला गेले. सासूबाईंनी ओवाळलं, चाळीने घोषणा दिल्या. नाक्यावर पोलिसांच्या गाडीत चढताना मामंजी मागे वळून ओरडले. सगळ्यांना वाटलं, "झालाच पाहिजे!" म्हणाले. कसलं काय! ते म्हणाले होते, "आढीला हात लावू नका!"

आम्ही लावला नाही. आधी गोड वास आला, मग आंबूस, मग चिलटं. पलंगाखालून चिकट ओघळ बाहेर आला. "बाबा येऊ देत," हे म्हणाले. सगळ्या मुंबईसाठी चर्चगेटपर्यंत मोर्चात जाणारा माझा नवरा पलंगाखाली वाकायला भीत होता. मी संतापाने रडले. बापरे, किती रडले!

सकाळी पेज पुन्हा उलटून पडली. सासूबाईंनी माझ्या हातातली वाटी काढून घेतली, पदर खोचला आणि सतरंजी ओढून फेकली. आत पांढरी बुरशी आणि काळा लगदा. आंब्याची साल कुठे आणि ह्याची कातडी कुठे! आधीच पिकलेलं नाजूक फळ त्या दमट हवेत, उबेत कोंडलेलं. खिडकीशी परातीत सुटं मांडलं असतं, तरी चार घास मिळाले असते. सासूबाईंनी कोपरापर्यंत हात घालून तळ धुंडाळला. एक निघालं, अर्धं धड. विळीवर सडका भाग काढून त्यांनी उरलेलं माझ्या तोंडाशी धरलं. मी खाल्लं. आम्ही दोघी वाट पाहत बसलो. ते पोटात ठरलं.

मामंजी सुटून आले ते गळ्यात हार घालूनच. दारात गर्दी. त्यांनी वाकून आधी पलंगाखाली पाहिलं.

"आढी कुणी उघडली?"

"मी," सासूबाई म्हणाल्या.

"मला न विचारता?"

"हो. मुंबई मागायला तुम्ही तुरुंगात गेलात, मी ओवाळलं. माझ्या घरातलं एक फळ मी कुणाकुणाला मागायचं?"

दारातली माणसं एकेक करून सटकली. मामंजींनी हार काढला आणि खुंटीला अडकवला.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी आंब्यांची आढी नेहमीसारखीच ऐटीत घातली. वास सुटला तशी स्वयंपाकघरात हाक दिली, "अहो, बघता का जरा, झाले असतील का?" सासूबाई माझ्या मुलाला भरवत होत्या. हात न धुता तशाच उठल्या.