बुधाजीकाकांच्या कोबीचा कान

"कान पिरगळा म्हणाली होती मार्गारेट! मुंडी उपटा नव्हती म्हणाली!"

"कानच पिरगळला ना! आता त्याच्यातच दम नाही, तर मी काय करू?"

"अहो, कोबी आहे तो! बसची दोरी आहे का, खस्सकन ओढायला?"

आमच्या घोडपदेवच्या चाळीत, राधाकाकूंच्या दारात, मी विरजणाची वाटी घेऊन उभी होते. खिडकीच्या ग्रिलमधला थर्माकोलचा खोका रिकामा. बुधाजीकाकांच्या हातात मुळांसकट लाल कोबी, आणि काकूंच्या नुकत्याच पुसलेल्या लादीवर माती टपटप.

काका बसचे कंडक्टर. रिटायर झाले, तरी ग्रिलमधल्या झाडांना "चला, पुढे सरका, आत खूप जागा आहे" म्हणतच पाणी घालतात. मिरची ऐकते, पुदिना तर जरा जास्तच ऐकतो. या कोबीचं रोप समोरच्या बिल्डिंगमधल्या मार्गारेट आंटीनं दिलं होतं. अट एकच: अर्धा कोबी तिच्या सॅलडला.

ती अट मोडली सोड्यापायी. काकू वाटाण्यापासून चवळीपर्यंत सगळ्यात चिमूटभर सोडा घालतात. मध्ये एकदा कोबीची बाहेरची दोन पानं चिरून भातात टाकली आणि हाताच्या सवयीनं सोडाही पडला. झाकण काढलं तर भात निळाशार! काकू किंचाळल्या. काका मात्र टोपाकडे बघतच राहिले.

"राधे, जयंतीला हाच भात. अख्ख्या चाळीला."

पण चौदा एप्रिल लांब, ऊन चढलेलं आणि कोबी तट्ट फुगलेला. आंटी वाटा मागायला आली तेव्हा काका म्हणाले, "जयंतीनंतर बघू." आंटी फणकारली. तरी जाता जाता सांगून गेली: उन्हात गड्डा तडकतो, त्याचा कान पिरगळा. म्हणजे बुंध्याशी धरून जरासा पिळा. थोडी मुळं तुटली की वाढ थांबते. जरासा, असं दोनदा म्हणाली होती.

"आता चिरतेच," काकूंनी विळी ओढली.

"हात लावशील तर बघ! फ्रीजमध्ये टिकतो हा जयंतीपर्यंत."

"कुठल्या फ्रीजमध्ये? आपल्यात दूध ठेवायचं तर दही बाहेर काढावं लागतं!"

मी वाटी मागे लपवली.

"एवढा गड्डा मावेल असा फ्रीज एकीकडेच आहे," काकू हसू दाबत म्हणाल्या. "दोन दारांचा. मार्गारेटच्या रूपर्टनं नाताळात घेतलेला."

काकांनी कोपऱ्यातला जुना पेपर ओढला.

"जिला अर्धा दिला नाहीत, तिच्या दारात अख्खा घेऊन जाणार? आणि काय सांगणार तिला? आत खूप जागा आहे म्हणून?"

काकांनी खिडकीबाहेर मुळं झटकली. कोबी पेपरात गुंडाळला, काखेत मारला, चपला चढवल्या.

"अहो, देणार का तिला अर्धा? तेवढं तरी बोला!"

काका उंबऱ्यावरून परत फिरले. ओट्यावरची सुरी उचलली, शर्टाला पुसली आणि कुणाकडेही न बघता जिना उतरू लागले.