शिट्टी वाजल्यानंतर

मला राग येतो तेव्हा आधी माझे कान तापतात. घरात सगळ्यांना माहीत आहे. कान लाल दिसले की आई समोरचं ताट उचलून आत नेते, कारण एकदा मी ते भिंतीवर फेकलेलं आहे. तर दहावीच्या वर्षी, शाळेच्या मैदानात, भर सकाळी माझे कान असे तापले की हातांनी झाकावे लागले. आणि कारण होती माझी सख्खी चुलत बहीण.

हाऊस वीक चालू होता. आमच्या शाळेत चार हाऊस, चार रंग. त्या आठवड्यात युनिफॉर्मला सुट्टी, अंगात हाऊसचा टी-शर्ट, गालाला रंग आणि घसा बसेपर्यंत घोषणा. शिवाय रोज प्रार्थनेनंतर एका हाऊसने दुसऱ्याची खिल्ली उडवणारं नाटुकलं करायचं. मुलं वाटताना शाळा नाती बघत नाही. मी निळ्यात पडले, ती लालमध्ये. खाडीकाठच्या राई गावात आमचं घर मात्र एकच, मधे एक भिंत घातलेली, तीही छपरापर्यंत न पोचलेली.

त्या सकाळी लालवाल्यांची पाळी होती. ती पुढे आली, ओढणी कमरेला खोचली, मी करते तसे हातवारे केले आणि माइकवर म्हणाली, "मना न्हाय येत इंग्लिश, मी राईची हाय!" शहरातल्या टॉवरमध्ये राहणाऱ्या पोरी हसून लोळल्या. मॅडमसुद्धा तोंडावर रुमाल धरून हसत होत्या. अगं भवाने, मग तू कुठली? तुझी आई घरात काय इंग्लिश बोलते? पण ती शाळेत कायम हिंदी-इंग्लिश फाडायची, त्यामुळे ती राईची आहे हे कुणाच्या डोक्यातच यायचं नाही.

संध्याकाळी ती नेहमीसारखी आमच्याकडे आली आणि पाय पसरून बसली. "मस्करी होती गं. तोंड काय फुगवतेस? चल, पट्टी बांध." तिचा डावा घोटा दोन महिन्यांपूर्वी मुरगळला होता आणि पुरता बरा झाला नव्हता. कबड्डीत आमच्या शाळेची ती एक नंबर चढाईपटू होती. जिल्ह्याच्या संघाची निवड पुढच्या सोमवारी, आणि ती त्यात जाणार हे सगळे धरून चालले होते. घोट्याचं कळलं असतं तर सरांनी नाव कापलं असतं. काकांनी तर खेळच बंद केला असता. म्हणून ते फक्त मला ठाऊक होतं. कुठे दाबलं की दुखतं, कुठल्या बाजूला वळला की तिच्या डोळ्यांत पाणी येतं, सगळं. मी पट्टी बांधली.

दुसऱ्या दिवशी मुलींची कबड्डीची फायनल, लाल विरुद्ध निळा. पोरांनी पत्र्याचे डबे बडवून कान किटवले होते. पीटीचे सर बाजूने ओरडत होते, "मारा! दाबा! सोडू नका तिला!" पहिल्या पाच मिनिटांत एकीचं नाक फुटलं, एकीचे केस हातात आले. खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती.

शेवटची चढाई तिची. आम्ही एका गुणाने पुढे होतो आणि मैदानात चारजणी उरलो होतो. ती आत घुसली, आमच्या कॅप्टनला हूल दिली आणि मागे वळली. मी झेप घेतली ती सरळ डाव्या घोट्यावर. दोन्ही हातांत आला. ती आडवी पडली, हात मध्यरेषेकडे ताणला, तेवढ्यात बाकीच्या तिघी तिच्या अंगावर कोसळल्या. शिट्टी वाजली. चढाई संपली, आम्ही जिंकलो.

तेव्हा सोडायचं असतं. मी सोडला नाही. त्या ढिगाऱ्याखाली मी तो घोटा आणखी घट्ट धरला आणि ज्या बाजूला वळवायचा नव्हता त्याच बाजूला पिळला. जोर लावून, दात खाऊन. काहीतरी मोडलं ते मला हातांतच कळलं.

"आये! माझा पाय! पाय न्हाय हालत!" ती ओरडली. आता बरी घरची बोली तोंडात आली, असं माझ्या मनात आलं. हो, आलं. तिला उचलून ऑफिसकडे नेत होते आणि निळ्या पोरी मला खांद्यावर घेऊन नाचत होत्या, आणि मला आनंद झाला होता. तो गेटपर्यंत टिकला. तिथे काकी धावत येताना दिसली आणि मी पोरींच्या खांद्यावरून खाली उतरले.

रात्री बाबांनी मला एक ठेवून दिली. दुसरी बसायच्या आत भिंतीपलीकडून तिचाच आवाज आला, "तिला कशाला मारताय? खेळात होतं असं." तिथे मी बोलायला हवं होतं.

घोट्याचं हाड मोडलं होतं. सोमवार गेला. पण सरांनी घरी येऊन सांगितलं की जानेवारीत दुसरी निवड आहे, तोपर्यंत पाय बरा झाला तर नाव तिचंच. ते ऐकून ती उशीत तोंड घालून रडली आणि मग दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

दीड महिन्याने ट्रॅडिशनल डे आला. सगळ्या नऊवारीत, ती कुबडी घेऊन. जिन्याजवळ तिने आमच्या कॅप्टनला डिवचलं, "एक पकड काय लागली, हवेत गेलात सगळ्या." कॅप्टन मीरा रोडची, फटकळ. ती फाडकन म्हणाली, "पकड? तेरी बहन ने सीटी के बाद मरोड़ा तेरा पैर. मैं बाजू में ही थी."

बहिणीने माझ्याकडे बघितलं. जिन्यात वीसेक पोरी, सगळ्या माझ्याकडेच बघत होत्या.

"खोटं बोलतेय ती," मी म्हटलं.

बहिणीने कुबडी उचलली आणि कॅप्टनच्या कपाळावर घातली. रक्त भुवईवरून नऊवारीच्या पदरावर आलं. कॅप्टनने हात आडवा केला तर दुसरा फटका हातावर. "बोल परत! बोल!" ती एका पायावर उभी राहून किंचाळत होती. एक शब्द बोलले असते तर थांबली असती. मी भिंतीला चिकटून उभी होते आणि माझे कान गार पडले होते.

कॅप्टनला चार टाके पडले. मोठ्या बाईंनी आम्हा दोघींना केबिनमध्ये घेतलं आणि मला सरळ विचारलं, "ती मुलगी म्हणते ते खरं आहे का? खरं असेल तर हिच्या बाबतीत मी वेगळा विचार करीन." बहिणीने मला उत्तरसुद्धा देऊ दिलं नाही. "बाई, हिला काय विचारता? ही माझी पट्टी बांधायची रोज!" मग बाई माझ्याकडे वळल्या. मी मान हलवली. खरं नाही.

बाईंनी सरांना बोलावलं आणि सांगितलं, ह्या वर्षी हिचं नाव कुठल्याही खेळाला पाठवायचं नाही. सर काहीतरी बोलायला गेले, बाईंनी हात वर केला. जानेवारीची निवडही गेली. दहावी होती, पुढचं वर्ष शाळेत नव्हतंच.

राईला रिक्षाने परत निघालो. ती सबंध रस्ता बाहेर बघत होती. खाडी दिसायला लागली तेव्हा तिने डोळे पुसले आणि माझा हात धरला.

"त्या पोरीने परत तोंड उघडलं ना," ती म्हणाली, "तर मला सांग."

"सांगते," मी म्हटलं.