सवाष्णीचा पाट

माझा नवरा रोज संध्याकाळी घरी यायचा, हाच काय तो माझा गुन्हा. मोठे दीर आले नव्हते. ते तेलवाहू जहाजावर इंजिनियर होते. आखातातल्या युद्धात त्यांच्या जहाजावर क्षेपणास्त्र पडलं. बाकीचे सापडले, काही जिवंत, काही मेलेले. दीर दोन्हींत नव्हते. मी लग्न होऊन कात्रजच्या त्या फ्लॅटमध्ये आले तेव्हा या गोष्टीला बरीच वर्षं झाली होती आणि जाऊबाईंच्या कपाळावर ठसठशीत कुंकू होतं.

"प्रेत पाहिलंय कोणी?" कोणी विषय काढला की सासूबाई विचारायच्या. गौरी जेवतात त्या दिवशी आमच्याकडे बाहेरची सवाष्ण बोलवत नसत, घरची एक सूनच पाटावर बसायची. तो मान दरवर्षी जाऊबाईंचा. त्या पाटावर बसल्या म्हणजे त्यांचा नवरा जिवंत. मी पुरण वाटायचं, पोळ्या लाटायच्या आणि घामाघूम होऊन त्यांना वाढायचं. त्यांची ओटी भरताना सासूबाईंचे डोळे भरून यायचे. मला एवढंच ऐकू यायचं, "कटाच्या आमटीत मीठ कमी आहे हो."

जळायची मी. उघड सांगते. हिंजवडीहून स्कूटरवर धूळ खात येणारा माझा नवरासुद्धा दारातूनच आधी विचारायचा, "वहिनी जेवल्या का?" आणि जाऊबाई कधी आवाज चढवायच्या नाहीत, त्यामुळे भांडायचीही सोय नव्हती.

मग आखातात पुन्हा युद्ध पेटलं. तोवर घरात केबल आली होती. एका दुपारी बातम्यांत जुन्या युद्धाची चित्रं दाखवत होते. एक तेलवाहू जहाज जळत होतं, आणि भोवतालच्या पाण्यावरही आग होती. जाऊबाई मेथी निवडत होत्या.

"पाणी पण जळतं का गं?"

"तेल सांडलेलं असतं ना," मी म्हटलं.

त्यांनी उरलेली जुडी निवडून संपवली.

त्या वर्षी गौरीजेवणाला सासूबाईंनी पाट मांडला, भोवती रांगोळी काढली आणि हाक मारली. जाऊबाई आल्या त्या कपाळ कोरं करून.

"आजपासून ही बसेल," माझ्याकडे हात करून त्या म्हणाल्या.

"कोणी काही सांगितलं का तुला?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही, आई. कोण सांगणार? माझं मलाच कळलं."

सासूबाईंनी हातातला कुंकवाचा करंडा खाली ठेवला. पण गौरीपुढे नैवेद्य वाढलेला होता, सवाष्णीचं ताट रिकामं ठेवता येत नव्हतं. नवऱ्याने मला खुणेनेच बसायला सांगितलं. मी बसले. इतकी वर्षं ज्याच्यावर डोळा ठेवला तो पाट, ती ओटी, पहिली पुरणपोळी, सगळं माझं होतं.

सासूबाईंनी करंडा उचलला. त्यांनी मला कुंकू लावलं. ते भुवईवर लागलं. त्या बघत होत्या जाऊबाईंकडे.