गाढवीचा उतार आणि माझा डावा पाय

गाडी पाण्यानं बिघडते की चालवणाऱ्याच्या भीतीनं, यावर चांद्याच्या मिस्त्रीचं आणि माझं पहिल्या वर्षात एकदाही एकमत झालं नाही. मी म्हणायचो, पाण्यानं. तो क्लचची जळकी प्लेट माझ्या नाकाशी धरायचा आणि म्हणायचा, "घे वास. हे का पाणी जळलं?"

आता ज्याला चंद्रपूर म्हणतात ते तेव्हा सगळ्यांच्या तोंडी चांदाच होतं. मिस्त्रीचं दुकान जुन्या तटाच्या दरवाज्याबाहेर होतं आणि त्या दुकानात माझी जीप इतक्या वेळा गेली, की पुढे पुढे तिथलं कुत्रंही मला पाहून उठेनासं झालं.

मी मूळचा माणदेशातला. चौथीत शाळा सुटली, मग मेंढरं, मग ट्रकवर धुणं-पुसणं, आणि तिथूनच कधीतरी हातात चाक आलं. आरमोरीच्या एका बांबूच्या ठेकेदाराला ड्रायव्हर पाहिजे असं कुणीतरी सांगितलं आणि मी निघालो. इतक्या लांब, की रेल्वेत शेजारी बसलेल्यांची मराठी गावागणिक बदलत गेली आणि शेवटी मला निम्मीच कळू लागली. घरी आई आणि पाठची भावंडं होती. नोकरी सुटली तर परत जायला घर होतं. पण त्या घराला माझ्या परत येण्याचा काही उपयोग नव्हता, हे मलाही कळत होतं आणि आईलाही.

शेठनं मला काही न विचारता गाडी दिली. त्याचे उपकार मी आजही मानतो. उपकार मानले म्हणून गाडीला नावं ठेवायची नाहीत असं मात्र नाही. लढाई संपल्यावर लिलावात निघालेली ती जीप. चाक डाव्या बाजूला, छताला बारदानाची ठिगळं. शेठ येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "ही बर्मात चाललेली गाडी हाय." माझ्या मनात यायचं, हिचं सगळं चालणं बर्मातच झालेलं दिसतंय.

पण खरं सांगायचं तर गाडीपेक्षा माझ्या सवयी वाईट होत्या. जत्रेत आई पोराचा दंड सोडत नाही, तसा माझा डावा पाय क्लच सोडत नसे. दाबायचा नाही, पण सोडायचाही नाही. नुसता टेकवून ठेवायचा. वाटायचं, काही झालंच तर पाय जागेवर असावा. पाणी दिसलं की माझी दुसरी सवय पुढे व्हायची. एकदाचं उरकून टाकू म्हणून मी जोरात आत घालायचो, आणि मध्यावर गेल्यावर पुढं काय आहे या धास्तीनं क्लच दाबून थबकायचो.

मिस्त्री हे सगळं कपाळावर हात मारून ऐकायचा. "अबे, जोरात घातली तं पाण्याची लाट उठते. ते पाणी पंख्यावर येते अन् पंखा तुयाच इंजिनाले आंघोळ घालते. थबकला तं मागून सायलेन्सरात पाणी चढते. अन् पाय टेकवून बसला तं पलेट जळते. तू एका गाडीले तीन बाजूनं मारून राह्यला." मग डोळे बारीक करून विचारायचा, "मले एक सांग, तो पाय तुले देवानं दिला का माया दुश्मनानं?"

मी हसायचो. पण तिसऱ्यांदा क्लच गेला तेव्हा शेठ हसला नाही. बांबूच्या गाड्या भरायच्या दिवसांत त्याची जीप चांद्यात उघडी पडली होती. त्यानं मला अंगणात उभं करून सांगितलं, "आता शिमग्याच्या आत गाडी चांद्याले गेली, तं तू बी तिच्यासंगं जाशील. गाडी वापस येईल."

दिवाळी नुकतीच झाली होती. शिमगा फार लांब होता, आणि मध्ये गाढवी होती.

गाढवी म्हणजे नदी. नाव ऐकून मी पहिल्या दिवशी हसलो होतो. नंतर त्या नावाचा मान ठेवायला शिकलो. शेठचं घर आरमोरीत आणि बांबूचा कॅम्प गाढवीपलीकडच्या जंगलात. पूल नव्हता; गाड्या जिथून पाण्यातून पार जायच्या त्या उताराच्या अलीकडे एका ढीवराची झोपडी होती. तो आणि त्याची बायको पावसाळ्यात डोंग्यातून माणसं पार करायचे आणि एरवी मासे धरायचे. दोघंही माझ्याहून बरेच मोठे, म्हणून मी त्यांना भाऊ आणि बाई म्हणायचो. ती दोघं मला डायवरभाऊ म्हणायची. त्यात 'डायवर'वर जोर जरा जास्त पडायचा आणि मागे हसू असायचं, पण माझी तक्रार नव्हती. त्या मुलखात मला हाक मारून बसवून घेणारी पहिली माणसं तीच.

शेठच्या त्या दमानंतरची माझी पहिली खेप. उतारावर पोचलो तेव्हा भाऊ जाळं झटकत होता. आरपार जाणारं कुणी दिसेना, पाणी गढूळ, तळ दिसेना. मी गाडीतूनच विचारलं, "भाऊ, पाणी किती आहे?"

"पाणी नाई जी," भाऊ म्हणाला.

माझ्या गावाकडे नदीत पाणी नाही म्हटलं की वाळूत मेंढरं बसलेली असतात. इथं समोर पाणी दिसत होतं, पण मी धरून चाललो की पाणी नाही म्हणजे चाक ओलं होण्यापुरतं असेल. पाय क्लचवर टेकवला, देवाचं नाव घेतलं आणि नेहमीसारखी जोरात घातली.

मध्यावर पाणी बैठकीला लागलं. मी थबकलो. इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं. त्या शांततेत मला पहिल्यांदा पाण्याचा आवाज ऐकू आला, आणि काठावरून बाईचाही.

"काऊन थांबले जी डायवरभाऊ? मासे दिसले का?"

मी खाली उतरलो. पाणी कमरेला आलं. तिथूनच मी जवळपास रडत ओरडलो, "भाऊ, पाणी नाही म्हणालात ना!"

भाऊ पाण्यात उतरून सावकाश माझ्याजवळ आला. "नाईच जी. तुमी उभेच आहा ना?"

"मग हे काय आहे?"

त्यानं नदीकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी तिच्यात त्याला न दिसलेलं काही दाखवतोय. "हे तं चालाचं हाय. जिथी डोंगा लागते तिथी पाणी. डोंगा नाई लागत, तं पाणी नाई."

बाईला काठावर हसू आवरेना. "अवं, त्यायच्या गावात कोरड्यालेच पाणी नाई म्हणत असतीन!"

मी म्हटलं, "बाई, कोरड्याला नाही तर कशाला म्हणायचं?" त्यावर ती आणखीच हसली. माझ्या डोळ्यांपुढे मात्र शेठचं अंगण होतं. गाडी ओढून चांद्याला न्यायची म्हणजे माझं सामान बांधायचं.

धानाचं तणीस पोचवून परतणारी एक गाडी तेवढ्यात उतारावर आली. तिला हल्ये जुंपलेले होते. हल्ये म्हणजे रेडे. गाडीवाल्यानं ते सोडून जीपला जुंपले. बर्मा पाहिलेली जीप दोन रेड्यांमागून मुकाट्यानं काठावर आली. रेड्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही.

मग बाईनं हसणं बंद केलं आणि ती कामाला लागली. मिस्त्रीनं शिव्यांबरोबर बरंच काही शिकवलं होतं, ते आता उपयोगी आलं. मी प्लग काढले, करंट वाटणाऱ्या डबीची काळी टोपी काढली, आणि बाईनं ते सगळं चुलीच्या कडेला मांडलं. मासे भाजताना फिरवतात तसे ती प्लग चिमट्यानं फिरवत होती आणि मध्येच विचारत होती, "हा झाला का जी? का कच्चा हाय?" ओल्या गाद्या तिनं धुरावर लावल्या. तिथं वर टांगलेल्या बांबूच्या माचोळीवर मासळी सुकत होती. दुसरी जागा नव्हतीच. मी चाकांच्या मधल्या गोळ्याचं बूच सैल करून तेल पाहिलं. पाणी शिरलं तर तेल ताकासारखं पांढरं होतं, असं मिस्त्री म्हणायचा. थोडं पाणी ठिबकलं, मग काळं तेल आलं. मी तिथंच हात जोडले. कुणाला जोडले ते नक्की नव्हतं, पण बाई समोर होती.

त्यांनी मला भात आणि माशाचं कालवण वाढलं. जेवताना मी त्यांना क्लचचं सांगितलं, शेठनं काय बजावलं तेही सांगितलं. मला हाकललं तर परत काय तोंड घेऊन जाऊ, हेही बोलून गेलो. बाई म्हणाली, "एवढा तरास देते तं तो पाय खाली सोडता कायले? मांडी घाला ना."

"गाडीत मांडी?"

"हे नाई का बसत डोंग्यात?" तिनं नवऱ्याकडे हनुवटी केली. "एक पाय बुडाखाली, एक मोकळा. पाय दाबून बसला म्हंजे पाय गप राह्यते अन् माणूस बी."

भाऊ भात कालवत म्हणाला, "मले बी तिनंच बसवलं तसं. मी लई बोलत होतो डोंग्यात."

ते चेष्टेनं बोलत होते, पण मी ते खरं करून पाहिलं. काठावर खालचा गियर टाकायचा, क्लच सोडायचा आणि डावा पाय उचलून मांडीखाली घ्यायचा. उजवा पाय एका जागी धरायचा, ना जास्त ना कमी. गाडी बैलासारखी चालते. पंख्याचा पट्टाही आधी काढून ठेवायचा, म्हणजे पंखा पाणी उडवत नाही. आणि पाणी किती हे आता कुणाला विचारायचं नाही. काठी घेऊन स्वतः चालून पाहायचं. नंतरच्या खेपा मी अशाच केल्या. इंजिन एकदाही खोकलं नाही.

आणि मग शेठ स्वतः कॅम्प पाहायला निघाला.

शेठच्या घरात कांदासुद्धा जपून यायचा. तो जीपमध्ये बसला, दोन शेतं मागे पडली आणि त्यानं नाक वर केलं.

"अबे, मच्छीचा वास कुठून येऊन राह्यला?"

"नदी जवळ आली, शेठ," मी म्हणालो. नदी अजून बरीच लांब होती.

"अशी कशी नदी रे? गादीखालून वाहते?"

उतारावर मी खाली उतरलो, काठीनं तळ चाचपून आलो, पट्टा काढला. शेठ म्हणाला, "हे काय नवीन?" मी म्हटलं, "गाडीच्या तब्येतीसाठी." खालच्या गियरमध्ये सावकाश पाण्यात शिरलो आणि पाय मांडीखाली घेतला. शेठनं माझ्या मांडीकडे पाहिलं. तो काही बोलणार, एवढ्यात झोपडीतून बाई बाहेर आली. शेठ गाडीत आहे हे तिला दिसलं नाही, की दिसून काही वाटलं नाही, देव जाणे. कंबरेवर हात ठेवून ती ओरडली, "पाय वर घेतला का जी डायवरभाऊ? त्या दिशीसारकी बुडवू नोका! चूल पेटवली नाई मी आज!"

आम्ही बरोबर मध्यावर होतो.

"त्या दिवशी?" शेठनं विचारलं.

माझा डावा पाय मांडीखालून सुटायला बघू लागला. त्याला क्लच हवा होता. एवढ्या वेळापुरता, नुसता टेकवायला. मी त्याच्यावर सगळं अंग टाकून बसलो.

"होय शेठ. बुडाली होती."

"चांद्याले नेली?"

"नाही. इथंच वाळवली. त्यांच्या चुलीवर."

तेवढ्यात पाणी शेठच्या जोड्यांत शिरलं. त्यानं दोन्ही पाय उचलून समोरच्या फळीवर ठेवले. एक पाय दाबून बसलेला ड्रायव्हर आणि दोन्ही पाय वर केलेला मालक, अशी ती जीप गाढवीतून पार झाली. इंजिनाचा सूर हलला नाही.

चढावर येताच शेठ म्हणाला, "थांबव."

मला वाटलं, झालं. मी ब्रेक दाबला. ब्रेक लागला नाही. पाण्यातून निघालेली गाडी ब्रेक सुकेपर्यंत कुणाचं ऐकत नाही, मालकाचंही नाही.

"थांबव म्हणलं ना!"

"थांबवतोय, शेठ!"

हळूहळू, ब्रेकवर पाय ठेवून, आम्ही तसेच कॅम्पपर्यंत गेलो आणि बांबूच्या ढिगाजवळ गाडी आपल्या मनानं थांबली. मजूर कामं सोडून पाहायला आले. शेठ उतरला, जोड्यांतलं पाणी ओतलं, आणि माझ्याकडे वळला. मालक उभा असताना ड्रायव्हरनं बसून राहणं बरं दिसत नाही, हे मला कळत होतं. मी उतरायला गेलो आणि पुन्हा बसलो.

"उतरत काऊन नाई?"

"पाय झोपला, शेठ. मुंग्या आल्यात."

शेठनं माझ्या पायाकडे पाहिलं, मग गाडीकडे पाहिलं, आणि पुन्हा एकदा नाक वर करून वास घेतला.

"झोपू दे त्याले," तो म्हणाला. "जागा राह्यला की माई गाडी जाळते. अन् गाद्या उन्हात टाक. संध्याकाळी आपल्याले वापस जाचं हाय."