बिटाचं मिक्श्चर

माझ्या आत्याच्या यजमानांइतका काटेकोर माणूस निपाणीपासून बेळगावपर्यंत दुसरा सापडणार नाही, आणि काटेकोरपणापायी एवढा गोंधळ घालणाराही नाही. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात. हे मामा निपाणीत एका डॉक्टरांच्या दवाखान्यात जन्मभर कंपाउंडर होते. बाटलीवर कातरलेली कागदी पट्टी चिकटवून डोसाच्या खुणा करणारे बहुधा ते शेवटचेच. घरातही तोच खाक्या. पाहुण्याला ताक दिलं तरी, "आधी हलवा, मग घोट घोट घ्या," असं बजावणार. एकदा मी ताटातले दोन लाडू उचलले, तर म्हणाले, "एक आत्ता. दुसरा सहा तासांनी."

डॉक्टर वारले, दवाखाना बंद झाला आणि मामा घरी बसले. त्याच सुमारास आत्याच्या अंगात रक्त कमी निघालं. नव्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि उठता उठता म्हणाल्या, "बीट वगैरे खात जा." त्यातलं 'वगैरे' मामांना ऐकूच आलं नाही. संकेश्वरच्या बाजारातून पिशवीभर बीट आलं. कोशिंबीर झाली, रस झाला, थालीपीठही झालं. आत्या घास तोंडाशी नेई आणि ताट सरकवी. "नको वो. माती खाल्ल्यागत लागतंय."

मग कुणीतरी मामांना मोबाइलवर व्हिनेगरमधलं बीट दाखवलं, आणि आत्याचं स्वयंपाकघर तिच्या हातून गेलं. हात साबणानं धुतल्याशिवाय तिलाही आत मज्जाव. बीट उकडताना देठ बोटभर ठेवायचा आणि शेपटीला सुरी लावायची नाही. "कापलास की रक्तस्राव झाला बघ," मामा मला म्हणाले. सोललेल्या बिटाच्या चकत्या त्यांनी फूटपट्टी लावून पाडल्या. व्हिनेगरमध्ये साखर, मीठ, लवंग, दालचिनी घालून उकळी आणली आणि ते उकळत्या पाण्यातून काढलेल्या बाटल्यांत ओतलं. आठवडाभर फ्रीजमध्ये मुरल्यावर वर चिठ्ठी लागली : 'चार चकत्या. दुपारी. जेवणासोबत.'

आत्यानं पहिली चकती भाकरीबरोबर तोंडात टाकली. मामा स्टुलावर बसून तिच्या तोंडाकडे बघत होते. "बरं लागतंय की," आत्या म्हणाली.

झालं! त्या दिवसापासून मामांनी साऱ्या नातेवाइकांवर उपचार सुरू केले. माझी बाटली घेऊन ते बसनं बेळगावला माझ्याकडे निघाले, तर वाटेत गतिरोधकावर झाकण निसटलं. पिशवीतून लाल धार लागली, धोतर रंगलं. शेजारची बाई किंचाळली. कंडक्टर "अय्यय्यो, रक्त री!" करत धावला. चौघांनी मामांना आडवं केलं, एकीनं पदराची चिंधीही बांधली. मामा खालून ओरडत होते, "आवो, रक्त न्हाय, बीट हाय!" कुणी ऐकेना. शेवटी त्यांनी पिशवीत हात घालून एक चकती काढली आणि सर्वांसमक्ष खाल्ली. तेव्हा कुठं बस हलली. माझ्या दारात बाटली पोचली ती अर्धी. बाकीचं बीट मामांनी प्रवाशांना वाटलं होतं, माणशी दोन चकत्या.

तीन महिन्यांनी आत्याचं रक्त वाढलं. ते गोळ्यांनी की बिटानं, हे त्या घरात विचारायची सोय नव्हती.

परवा निपाणीला गेलो होतो. मामा बाजारात गेले होते. आत्या माझ्यासमोर जेवत होती. तिनं चार चकत्या मोजून घेतल्या आणि डोळे मिटून, एकामागून एक गिळल्या. मी विचारलं,

"आत्या, तुला आवडतं न्हवं हे?"

"कशाचं आवडतंय रं! मला अजून मातीच लागती." ती वर पाणी प्याली. "पर दवाखाना बंद झाल्यावर हे नुसतं भिंतीकडं बघत बसायचे. बोलायचे न्हाईत, जेवायचे न्हाईत. कुणाला तरी औषध द्यायला पायजे त्यास्नी."

तेवढ्यात मामा आले. पिशवी टेकवून त्यांनी आधी बाटली उजेडात धरली.

"संपत आली की गं."

"व्हय," आत्या म्हणाली. "या खेपेला जरा जास्तच करा."