तक्रारीला जागा नाही

हॅमे प्रांतातली माणसं सावकाश बोलतात म्हणून बाकीचे फिनिश लोक त्यांची टवाळी करतात. आणि वेइयो कल्लेला हे हॅमेच्या लोकांतही सावकाश गणले जात. तळ्याकाठच्या त्या शहरातल्या शाळेत त्यांनी एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. एवढ्या काळात त्यांनी कोणाच्या कामाला ‘उत्तम’ म्हटल्याचं कोणालाही आठवत नाही. बऱ्या कामाला ते ‘चालेल’ म्हणत, चांगल्या कामाला ‘ठीक आहे’. त्याच्या वर एकच पायरी होती आणि तिथवर दोनतीन वर्षांतून एखादाच पोहोचे. त्याची वही परत करताना कल्लेला खिडकीबाहेर पाहत म्हणत, “तक्रारीला जागा नाही.” ज्याला हे ऐकायला मिळालं, तो पुढे म्हातारा होईपर्यंत ते विसरत नसे.

पत्नी केर्त्तू वारली तेव्हा पाद्रीबाईंनी त्यांना विचारलं होतं, चर्चमध्ये तिच्याविषयी काय सांगू? छत्तीस वर्षांचा संसार मनात चाचपून कल्लेला बऱ्याच वेळानं उत्तरले, “तक्रारीला जागा नव्हती.” पाद्रीबाईंनी ते वाक्य होतं तसंच उच्चारलं, आणि मागच्या बाकांवर माणसं रुमाल शोधू लागली. वाक्याला वजन असतं ते बोलणाऱ्यामुळे, आणि तितकंच ऐकणाऱ्यामुळे. त्या चर्चमध्ये सगळ्यांचा तराजू एकच होता.

शाळेनं आंतरराष्ट्रीय डिप्लोमा सुरू केला तेव्हा कल्लेला पंचावन्न वर्षांचे होते. शिकवणं इंग्रजीतून, प्रश्नपत्रिका बाहेरून येणार, उत्तरपत्रिका बाहेर जाणार, आणि या गुणांवर जगातल्या कुठल्याही विद्यापीठाचं दार उघडेल, असं पालकसभेत सांगितलं गेलं. कल्लेलांनी उन्हाळ्याच्या दोन सुट्ट्या घालवून इंग्रजी पक्कं केलं. “सर, तुमचं इंग्रजी म्हणजे बर्फावर चालणारा म्हातारा,” असं एक मुलगा भर वर्गात म्हणाला. “पडलो का?” त्यांनी विचारलं. “नाही अजून.” “मग लिही पुढे.”

या डिप्लोमाच्या चौथ्या तुकडीत पिहला सालोवारा होती. तिची आई तुउला जिल्हा रुग्णालयाच्या धुलाईघरात कामाला होती, आणि मुलीला त्याच रुग्णालयाच्या वरच्या मजल्यांवर डॉक्टर व्हायचं होतं. त्या वर्गात महत्त्वाकांक्षा सगळ्यांनाच होती, त्यामुळे कल्लेलांनी तिची विशेष दखल घेतली नव्हती. दखल घ्यावी लागली ती एका फेब्रुवारीत.

“सर, तिसऱ्या दिवसाचे आकडे टाकून द्यावे लागतील,” तिनं प्रयोगाची वही पुढे सरकवली.

“का? आलेखावर तर नीट बसलेत.”

“बसलेत. पण बाटलीवरची चिठ्ठी मीच चुकीची लावली होती. आत कुठलं द्रावण होतं, मला ठाऊक नाही.”

“कोणाला कळलं असतं?”

“मला कळलंय ना.”

“पुन्हा करायचं तर दोन आठवडे जातील.”

“जातील. तुम्ही प्रयोगशाळेची किल्ली तेवढी द्या. भाषण नको.”

कल्लेलांनी किल्ली दिली. ते खिडकीबाहेर पाहत राहिले, पण बोलले नाहीत. ते वाक्य त्यांनी तिच्यासाठी राखून ठेवलं; निकाल हाती आला की म्हणायचं, असं ठरवलं.

पिहलानं स्कॉटलंडमधल्या एका वैद्यकीय विद्यापीठाकडे अर्ज केला. तिथं फिनिश मुलांना त्या काळी फी पडत नसे, त्यामुळे जगातली सगळी दारं उघडणाऱ्या त्या डिप्लोमातलं खरोखर उघडं असं तेवढंच एक दार तिच्यासमोर होतं. अर्जासोबत शिक्षकांनी अपेक्षित गुण कळवायचे आणि शिफारसपत्र लिहायचं. रसायनशास्त्रात सातपैकी सात, हा आकडा कल्लेलांनी क्षणात लिहिला. पत्राला मात्र त्यांनी तीन दिवस घेतले. तीन दिवसांनंतर ते सहा ओळींचं झालं: ती बोललेलं पाळते. चूक झाली तर स्वतः सांगते. वैद्यकीय शिक्षणाला लागेल एवढं रसायनशास्त्र तिला येतं. तिच्याबद्दल तक्रारीला जागा नाही.

डिप्लोमाचं कामकाज पाहणारी अन्नुक्का त्यांच्या निम्म्या वयाची. तिनं पत्र वाचलं, चष्मा काढला, पुन्हा वाचलं.

“वेइयो, तुम्ही असं लिहिलंत? तुम्ही?”

“जास्त झालं का?”

“नाही, राहू द्या. खरंच आहे ते.” आणि तिनं पत्र होतं तसं पाठवून दिलं.

मार्चमध्ये नकार आला, कारण न देता. जुलैत निकाल लागला: पंचेचाळीसपैकी बेचाळीस गुण. रसायनशास्त्रात सात. एवढे गुण आहेत तर पुन्हा अर्ज करावा, असं सर्वानुमते ठरलं. कल्लेलांकडे पुन्हा पत्र मागितलं गेलं, आणि त्यांनी तेच पत्र नव्या तारखेनं दिलं. सत्य बदललं नव्हतं, तर शब्द का बदलावेत? दुसऱ्या मार्चमध्ये दुसरा नकार आला. त्या मे महिन्यात पिहलानं मायदेशातली प्रवेशपरीक्षाही दिली. ती फिनिशमधून होती, आणि पिहला रसायनशास्त्र शिकली होती ते सगळं इंग्रजीतून. ओळखीच्याच पदार्थांची आणि क्रियांची मातृभाषेतली नावं अडून अडून वाचताना वेळ संपला. चार गुण कमी पडले.

अन्नुक्काला राहवलं नाही. तिनं विद्यापीठाला पत्र लिहून कारण विचारलं. पुढे त्या शरदात दोन ओळींचं सौजन्यपूर्ण उत्तर आलं, ते घेऊन ती प्रयोगशाळेत आली आणि उभ्यानंच वाचू लागली. गुणांबाबत शंका नव्हती. मात्र शिफारस करणाऱ्या शिक्षकालाच उमेदवाराविषयी विश्वास वाटत नसावा, असं समितीचं मत पडलं होतं.

कल्लेलांनी तो कागद घेऊन स्वतः वाचला.

“हे दुसऱ्या कोणाचं असेल,” ते म्हणाले.

“पिहलाचंच आहे. तिथं सगळे लिहितात, ‘माझ्या कारकिर्दीतली सर्वोत्तम विद्यार्थिनी’. ‘तक्रार नाही’ म्हणजे त्यांच्या लेखी... जेमतेम.”

“सगळेच तसं लिहितात, तर ते वाचतं कोण?”

“वाचत नाहीत हो. मोजतात.”

“तू वाचलं होतंस ना? तेव्हा बोलली नाहीस?”

“माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, वेइयो!” ती ओरडलीच. “मीही इथलीच ना. मला काय कळणार?”

मुलीच्या प्रामाणिकपणाला शिक्षकानं प्रामाणिक शब्द दिला होता, आणि तो दोन वेळा तिच्याविरुद्ध वापरला गेला होता; शिवाय ज्यांनी वापरला त्यांनीही खोटेपणा केला नव्हता. दोष ठेवायला माणूस सापडत नाही, तेव्हा तो बहुधा सर्वांत कमी आवाज असलेल्याच्या वाट्याला येतो. फीची सवलतही आता संपत आली होती. तिसरा अर्ज होणार नव्हता.

पिहला एव्हाना आईबरोबर धुलाईघरात कामाला लागली होती. हे कल्लेलांना ठाऊक होतं. न सांगताही चाललं असतं. पत्रं गोपनीय असतात, तिला कधीच कळलं नसतं. त्यांना मात्र ती चुकीच्या चिठ्ठीची बाटली आठवत राहिली. शनिवारी सकाळी ते पत्राची प्रत खिशात घालून रुग्णालयाच्या तळघरात उतरले.

“सर? तुम्ही इथं? कोणी दाखल आहे का तुमचं?” यंत्रांच्या आवाजात पिहला मोठ्यानं म्हणाली.

“कोणी उरलंय कुठं दाखल व्हायला! तुझ्याकडे आलोय.”

त्यांनी सगळं सांगितलं. सावकाश, क्रमानं, धडा सांगावा तसं. मग कागद दिला. तिनं हातमोजे काढून वाचला.

“हे तुम्ही माझ्याविषयी लिहिलंत?”

“हो.”

“तक्रारीला जागा नाही.”

“हो.”

“दोन्ही वेळा हेच?”

“दोन्ही वेळा.”

तिचा चेहरा आधी उजळला. कल्लेलांनी ते पाहिलं, आणि मग तो उजेड जाताना पाहिला. दोन्ही एकाच वाक्यामुळे झालं होतं.

“वर्गात एकदाही म्हणाला नाहीत मला.”

“म्हणणार होतो. निकालानंतर.”

“निकाल तर कधीच लागला, सर.”

माफी मागण्यासाठी त्यांनी वाटेत एक वाक्य जुळवलं होतं, पण या तळघरात ते जास्त झालं असतं की कमी पडलं असतं, याचा त्यांना आता भरवसा राहिला नव्हता.

“पिहला!” पलीकडून तुउलाची हाक आली. “चादरीची दोन्ही टोकं मीच धरू का? आणि मास्तरांना म्हणावं, कॉफी वर मिळते.”

“आले गं.” पिहलानं कागदाची नेमकी चौपदरी घडी केली आणि कोटाच्या खिशात टाकली. “हा मी ठेवते.”

“त्याचा आता उपयोग नाही.”

“ठाऊक आहे.”

तिनं चादरीचं मोकळं टोक उचललं. आईनं ताणलं, तिनं ताणलं; दोघी एकमेकींजवळ आल्या, मागे गेल्या. कल्लेला तसेच उभे होते. तिसरी चादर झाल्यावर पिहलानं मान वर न करता म्हटलं, “सर, दारात उभे राहू नका. इथून कपड्यांच्या गाड्या येतात.”

ते बाजूला झाले.